‘पाक्स’पासून ‘पगारा’पर्यंत: एका लॅटिन शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिनाअखेर जवळ आली की घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो, ‘पगार झाला का?’ या प्रश्नातला मधला शब्द दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये शांतीच्या देवीच्या नावाशी बांधलेला होता, हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहे. लॅटिन शब्द देवनागरीत लिहिताना रोमन लोकांच्या अभिजात काळातल्या उच्चाराला धरून लिहिले आहेत.

‘पगार’ मराठी शब्द नाही का?

आज मराठीच आहे, पण जन्माने पोर्तुगीज. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ पैसे देणे, देणं चुकवणे. लिस्बनमधल्या माणसाच्या तोंडून ते आज ऐकलंत तर पहिला अकार आखूड आणि दुसरा लांब, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखाच उच्चार कानी पडतो. आपण त्या क्रियापदाचं नाम केलं. ‘देणे’ या क्रियेऐवजी जे दिलं जातं ते, म्हणजे महिन्याचं वेतन, असा अर्थ त्याला आला. गंमत म्हणजे पोर्तुगालमध्ये वेतनाला ‘सालारियु’ किंवा ‘ऑर्देनादु’ म्हणतात. तिथे जाऊन ‘माझा पगार’ म्हटलं तर ‘माझा देणे’ असं काहीतरी ऐकू जाईल.

आशियातल्या भाषांमध्ये शिरलेले पोर्तुगीज शब्द ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने गोळा केले, ते गोव्यातले कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२). या विषयात थोडंसंही डोकं घालणाऱ्याने त्यांचं नाव आदराने घ्यायला हवं. बार्देशातल्या आसगावचा हा माणूस पेशाने धर्मगुरू होता, पण कोकणी, मराठी, संस्कृत यांच्यावर त्यांचं प्रेम एखाद्या पंडिताला शोभेल असं होतं.

पोर्तुगीजांकडून तो आपल्याकडे नेमका कसा आला?

१५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. पुढे दीव आणि दमणही गेले. वसई चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकून घेतली, म्हणजे उत्तर कोकणात दोनशे वर्षं आणि गोव्यात तर १९६१ पर्यंत ही भाषा कारभाराची होती. किल्ल्यांची बांधकामं, गोदीतली जहाजं, शिबंदीतले शिपाई, गोदामातले हमाल या सगळ्यांना मोबदला मोजून द्यावा लागे. माझ्या मते शब्द शिकला गेला तो याच रांगांमध्ये. पुस्तकातून आलेला शब्द सहसा असा गल्लीबोळात रुजत नाही.

नकाशावर पाहिलं तर हे पटतं. ‘पगार’ मराठीत आहे, कोकणीत आहे, गुजरातीत आहे, उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये आहे. म्हणजे दीव-दमणपासून गोव्यापर्यंतची किनारपट्टी आणि तिच्या मागचा घाटावरचा मुलूख. लखनौ-दिल्लीकडे मात्र ‘तनख्वाह’ चालते. मुंबईच्या हिंदीत ‘पगार’ दिसतो तो आपल्या शेजारामुळे.

मग यात लॅटिन कुठे आलं?

पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. तिच्या ‘पगार’च्या मागे लॅटिन ‘पाकारे’ उभं आहे, आणि ‘पाकारे’ निघालं ‘पाक्स’पासून. ‘पाक्स’ म्हणजे शांती. त्याची विभक्तिरूपं ‘पाकिस’, ‘पाकेम’ अशी होतात, त्यामुळे शब्दाचं खरं अंग ‘पाक्-’ आहे, शेवटचा ‘स्’ हा प्रत्यय. ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे.

‘क’चा ‘ग’ कसा झाला?

हे मराठी माणसाला समजावून सांगणं सगळ्यात सोपं, कारण आपल्याच भाषेत हे घडलेलं आहे. संस्कृत ‘मकर’ प्राकृतातून आपल्याकडे आला तो ‘मगर’ होऊन. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला कठोर ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला. इबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या, लॅटिनचंही तेच झालं: ‘आमिकुस’ (मित्र) चा ‘आमिगो’, ‘लाकुस’ (तळं) चा ‘लागो’, आणि ‘पाकारे’चा ‘पगार’.

कधी कधी असा व्यंजन मऊ होऊन थांबत नाही, पार विरघळूनच जातो. ‘सूची’ची ‘सुई’ झाली ती अशी. फ्रेंचांनी ‘पाकारे’शी हेच केलं. ‘क’ गेला, ‘य’ उरला, आणि ‘पेये’ हे क्रियापद तयार झालं. नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात पोचलं आणि इंग्रजीत ‘पे’ झालं.

म्हणजे एकच लॅटिन शब्द आपल्या घरी दोनदा पाहुणा आला. आधी पोर्तुगीज गलबतातून ‘पगार’ बनून, नंतर इंग्रजांबरोबर ‘पे’ बनून. ‘पगाराची पे स्लिप’ म्हणताना आपण त्या दोन भावंडांना शेजारी बसवतो. फोनपे आणि गूगल पे ही ताजी पिढी.

शांत करणे आणि पैसे देणे यांचा संबंध काय?

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अभिजात लॅटिनमध्ये देणं फेडण्याला ‘पाकारे’ म्हणत नसत. त्यासाठी ‘सॉल्वेरे’ असा शब्द होता, म्हणजे सोडवणे, सैल करणे. ऋण हा दोर आणि तो सुटला की माणूस मोकळा, ही कल्पना. जुन्या रोममध्ये ती नुसती कल्पनाही नव्हती. कर्ज न फेडणारा खरोखर सावकाराच्या बेडीत पडत असे. ही प्रथा मोडणारा कायदा इ.स.पू. ३२६ मध्ये झाला असं परंपरा सांगते. आपण ‘गहाण सोडवणे’ म्हणतो तेव्हा तोच दोर मनात असतो.

त्या काळी ‘पाकारे’ सेनापतींच्या तोंडी असे. एखादा प्रांत ‘पाकाता’ झाला म्हणजे तिथला विरोध मोडून काढला, लोक ताब्यात आले. सम्राट ऑगस्टसने आपल्या कामगिरीचा जो लेख कोरवून ठेवायला सांगितला आणि ज्याची सर्वांत चांगली टिकलेली प्रत तुर्कस्तानात अंकारा इथल्या देवळाच्या भिंतीवर आहे, त्यात समुद्र चाच्यांपासून मुक्त करून ‘शांत केल्याचं’ तो याच क्रियापदाने सांगतो.

साम्राज्य ढासळल्यानंतर हा शब्द रणांगणावरून बाजारात आला. तगादा लावणारा सावकार हासुद्धा एक अशांत माणूस. त्याला शांत कसं करायचं? त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवून. आधी ‘पाकारे’चा अर्थ झाला ‘समाधान करणे’, मग ‘देणेकऱ्याने धनकोचं समाधान करणे’, आणि शेवटी सरळ ‘पैसे देणे’. मध्ययुगातल्या इंग्रजीपर्यंत याच्या खुणा पोचल्या होत्या. तेराव्या शतकाच्या सुमाराला तिथे ‘पे’ करणे म्हणजे खूश करणे, समाधान करणे असाही अर्थ होत असे. तो नंतर गळाला आणि पैसे तेवढे उरले.

यात आणखी एक धागा असावा असं मला वाटतं. जर्मन टोळ्यांच्या कायद्यात खून किंवा मारहाण झाली की दोन घराण्यांतलं वैर मिटवायला ठरावीक भरपाई द्यावी लागे. फ्रँक लोकांच्या कायद्यात या भरपाईचा एक हिस्सा राजाकडे जाई. त्या हिश्शाला ‘फ्रेदुस’ म्हणत आणि हा शब्द त्यांच्या भाषेतल्या ‘शांती’चाच होता. पैसे मोजले की खरोखरची तलवार म्यान होत असे. अशा समाजात ‘शांत करणे’ आणि ‘पैसे देणे’ एकाच शब्दात मावले तर नवल नाही.

हे फक्त लॅटिनमध्येच घडलं का?

नाही, आणि म्हणूनच मला ते इतकं आवडतं.

हिब्रूत ‘शालोम’ म्हणजे शांती, आणि पैसे देण्याचं क्रियापद ‘लशलेम’. दोन्हींचा धातू श-ल-म, मूळ अर्थ पूर्ण असणे. अरबीतला ‘सलाम’ याच कुळातला. लॅटिनशी या भाषांचं रक्ताचं नातं नाही, तरी विचार त्याच वाटेने गेला. जर्मनमध्ये ‘फ्रीदेन’ म्हणजे शांती, ‘त्सुफ्रीदेन’ म्हणजे समाधानी, आणि कायद्याच्या भाषेत धनकोचं देणं पुरं करायचं तर ‘बेफ्रीदिगेन’.

आणि मराठी? आपल्याकडे ‘भागवणे’ आहे. तहान भागवतो, भूक भागवतो, गरज भागवतो, आणि देणंही भागवतो. आतली तळमळ थांबवणं आणि सावकाराचा हिशोब पुरा करणं, दोन्हीला एकच क्रियापद. एखादी गृहिणी ‘पगारात भागत नाही’ म्हणते तेव्हा त्या तीन-साडेतीन शब्दांत रोम आणि महाराष्ट्र या दोघांनी समाधानाची एकच कल्पना आपापल्या परीने मांडलेली असते. मला हे वाक्य लहानपणापासून कानांवर पडत आलं आहे, त्यातलं हे नातं मात्र फार उशिरा कळलं.

‘पाक्स’च्याही मागे काही आहे का? संस्कृतशी नातं आहे का?

आहे. ‘पाक्स’चा मूळ धातू बांधणे, घट्ट रोवणे, पक्कं करणे अशा अर्थाचा होता. रोमन लोकांसाठी शांती ही मनाची निवांत अवस्था नव्हती. ती दोन पक्षांनी बांधलेली गाठ होती. लॅटिनमध्ये ‘पाकिस्की’ म्हणजे करार करणे आणि ‘पाक्टुम’ म्हणजे करार. वर्तमानपत्रात येणारा ‘पॅक्ट’ तो हाच.

संस्कृतात या धातूचा वारसदार म्हणजे ‘पाश’. गणपतीच्या एका हातात अंकुश असतो आणि दुसऱ्या हातात असतो तो पाश. मराठीतला ‘फास’ही याच घराण्यात धरला जातो. म्हणजे पाश आणि पगार हे दूरचे, फार दूरचे चुलतभाऊ. नोकरदार मित्रांना हे सांगितलं की ते लगेच मान डोलावतात, पण नातं शब्दांचं आहे, तक्रारीचं नव्हे. बांधणं म्हणजे अडकवणंही असतं आणि जोडून घेणंही.

याच गोतावळ्यात लॅटिन ‘पांगेरे’ (रोवणे) आहे. त्यातून ‘पागिना’ आलं, ज्याचं इंग्रजीत ‘पेज’ झालं. ‘पागुस’ म्हणजे हद्दीच्या खुणा रोवून आखलेला मुलूख, त्यापासून फ्रेंच ‘पेई’ आणि स्पॅनिश ‘पाइस’ (देश). ‘पालुस’ म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा, तोच रस्त्यावरचा आपला विजेचा ‘पोल’. तीन खुंट्यांच्या एका छळयंत्राला ‘त्रिपालिउम’ म्हणत. बहुतेक कोश पोर्तुगीज ‘त्राबाल्यु’ म्हणजे काम हा शब्द त्याच्यापासून काढतात. तसं असेल तर पोर्तुगीजांच्या घरात काम आणि मोबदला दोघेही एकाच खुंट्याला बांधलेले आहेत.

युरोपातल्या इतर भाषांत ‘पाक्स’चं काय झालं?

इटालियनमध्ये ‘पाचे’, स्पॅनिशमध्ये ‘पास’ किंवा ‘पाथ’, पोर्तुगीजमध्ये ‘पाश’च्या जवळ जाणारा उच्चार (आपल्या पाशाशी तो जुळतो हा निव्वळ योगायोग), फ्रेंचमध्ये ‘पे’, कातालानमध्ये ‘पाउ’, इंग्रजीत ‘पीस’.

याहून रंजक आहेत कडेच्या भाषा. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेचं लॅटिनशी काहीच नातं नाही, तरी तिने शांतीसाठी ‘बाके’ हा शब्द रोमनांकडूनच घेतला. पैसे देण्यासाठी त्याच भाषेत ‘पागातु’ आहे. अल्बानियनमध्ये शांतीला ‘पाचे’ची बहीण शोभेल असा ‘पाक्ये’ आणि पैसे देण्याला ‘पागुआय’. रुमानियाने मात्र वेगळा रस्ता धरला. पैसे देण्याचा शब्द तिने स्लाव शेजाऱ्यांकडून उचलला आणि ‘अ इंपाका’ हे क्रियापद भांडलेल्यांचा समेट घडवण्यासाठीच राखून ठेवलं. पूर्वेकडच्या या लेकीने आईच्या शब्दाचा जुना अर्थ अजून जपला आहे.

माझा सगळ्यात लाडका आहे आयरिश ‘पोग’. त्याचा अर्थ चुंबन! ख्रिस्ती उपासनेत भाविक एकमेकांना शांतीचं चुंबन देत. त्या लॅटिन शब्दसमूहातला ‘शांती’ हा भाग आयरिश लोकांनी उचलला आणि चुंबनालाच लावून टाकला. एकाच शब्दाचा एका किनाऱ्यावर मुका झाला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर महिन्याचं वेतन.

नकाशावर हा शब्द कुठे सापडतो?

सगळ्यात मोठ्या अक्षरांत, पॅसिफिक महासागरावर. १५२० च्या नोव्हेंबरात मॅगेलन दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळची खवळलेली सामुद्रधुनी पार करून बाहेर पडला आणि पुढचं पाणी शांत दिसलं म्हणून त्याला ‘शांत समुद्र’ म्हणाला. आपण त्याचं ‘प्रशांत महासागर’ असं केलं, ते भाषांतर उत्तम आहे.

बोलिव्हियातलं ला पास शहर १५४८ मध्ये वसवलं गेलं, पेरूतल्या स्पॅनिश सरदारांची यादवी मिटल्याची आठवण म्हणून. आणि पोर्तुगालच्या दक्षिणेला बेजा नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याचं नाव ‘पाक्स यूलिया’ होतं. नंतर आलेल्या अरबीभाषकांच्या तोंडी ते ‘बाजा’ झालं आणि मग ‘बेजा’. नावात ‘पाक्स’ होतं हे आता ऐकून ओळखू येत नाही.

रोमन सैनिकाच्या वेतनाला ‘पाक्स’वरूनच शब्द होता का?

नाही. त्याला ‘स्तिपेंदिउम’ म्हणत, आणि मेडिकल कॉलेजमधल्या आपल्या इंटर्न डॉक्टरांचं ‘स्टायपेंड’ तिथूनच आलं. ऑगस्टसच्या काळात साध्या पायदळ शिपायाला वर्षाला २२५ दिनारिउस मिळत. ‘सोल्जर’ आणि पोर्तुगीज ‘सोल्दादु’ हे शब्द ‘सोलिदुस’ या सोन्याच्या नाण्यावरून पडले. सोजीर म्हणजे मुळात पगारी माणूस.

‘सॅलरी’ मिठावरून आली आणि रोमन सैनिकांना मीठ मिळायचं, हे खरं ना?

अर्धं. ‘सालारिउम’ या शब्दात ‘साल’ म्हणजे मीठ आहे, यात शंका नाही. पण सैनिकांना वेतन म्हणून मीठ मोजून देत होते याला प्राचीन पुरावा नाही. वेतन नाण्यांत होतं. ही गोष्ट व्हॉट्सॲपवर इतकी फिरते की शाळेच्या भाषणांतही ऐकू येते, म्हणून मुद्दाम सांगतो.

‘पाक’, ‘पागा’, ‘पगडी’, ‘पॅक’ हे शब्द याच कुटुंबातले का?

एकही नाही. ‘पाक’ (पवित्र) फारसी आहे. घोड्यांची ‘पागा’ फारसी ‘पायगाह’वरून आली, हैदराबादच्या पायगा सरदारांचं नावही त्याचंच. ‘पॅक’ उत्तर युरोपातल्या लोकर व्यापाऱ्यांकडून इंग्रजीत आलं. पगडीचाही पगाराशी संबंध नाही. आणि इंडोनेशियात गेलात तर ‘पगार’ म्हणजे कुंपण! तो तिथला अस्सल स्थानिक शब्द आहे.

‘पगार’ येण्याआधी आपण काय म्हणत होतो?

बरंच काही. ‘वेतन’ तर पाणिनीच्या सूत्रात आहे. वेतनावर जगणारा तो ‘वैतनिक’. ‘तनखा’ फारसी. ‘मुशाहिरा’ अरबी, महिन्यासाठी असलेल्या शब्दावरून निघालेला, आणि त्याचा सख्खा भाऊ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘म्शाहारा’ म्हणून रोज वापरला जातो. गावगाड्यात बलुतं होतं, ते धान्यात. रोजावर काम करणाऱ्याची मजुरी होती. या गर्दीत ‘पगार’ मागाहून आला आणि पुढे बसला.

परका शब्द आहे, तर ‘वेतन’च म्हणू नये का?

म्हणा की. वेतन आयोग, वेतनश्रेणी, किमान वेतन इथे तो शोभतो आणि अचूकही आहे. पण ‘पगार’ टाकून द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. ज्या शब्दाने भरपगारी आणि बिनपगारी रजा दिली, पगारदारांच्या पतसंस्था दिल्या, ‘बिनपगारी फुल अधिकारी’ अशी म्हण दिली, तो परका कसा? त्याला मराठीचे प्रत्यय लागतात, त्याचं सामान्यरूप होतं, तो ‘वाढतो’, ‘थकतो’, ‘कापला जातो’. चावी, पाव, पाद्री, घमेलं, कोबी हेही पोर्तुगीजांच्या हातून आलेले लॅटिन वंशाचेच शब्द, आणि घमेल्याला दुसरं काय म्हणणार?

मग पोर्तुगीजांकडून आलेले सगळे शब्द लॅटिनच समजायचे का?

तसं करू नका. बटाटा, काजू, अननस अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून निघाले आणि पोर्तुगीज जहाजात बसून आले. ‘लिलाव’ तर अरबीतून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून मराठीत, असा दोन घरं बदलून आला.

शांती आणि पैसे देणे, हे दोन्ही आजही एकत्र ऐकू येतात अशी एखादी जागा आहे का?

इंग्रजीत ‘अपीज’ म्हणजे रागावलेल्याची समजूत घालणे. ते फ्रेंचमधल्या ‘शांती’वरून निघालं, म्हणजे ‘पे’चं सख्खं भावंड. आणि पोर्तुगीज घरात तर दोघं रोज भेटतात. तिथली एखादी आई भांडणाऱ्या मुलांना ‘पाश’ म्हणून गप्प करते आणि त्याच संध्याकाळी वाण्याकडे ‘पगार’ करायला जाते. रूपं इतकी बदलली आहेत की हे एकाच पोटचे आहेत असं तिच्याही मनात येत नसेल.